लेण्यात उभं राहून धम्म कसा शिकवायचा

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत कोकणातल्या बौद्धवाड्यांमध्ये वर्षावासाची प्रवचनं चालतात. बालसंस्कार वर्गातली मुलं अष्टांगिक मार्गाची आठही नावं धडाधड म्हणून दाखवतात. पण ‘सम्मा आजीव म्हणजे काय रे?’ असं विचारलं की छताकडे बघतात. दोष मुलांचा नाही. आधी पाठ करायचं, अर्थ पुढे कधीतरी कळेल, ही आपली जुनी खोड आहे. आणि ज्या कातळात हा धम्म दोन हजार वर्षांपूर्वी मुक्कामाला आला, तो कातळ आपल्यापासून एसटीच्या एखाद-दुसऱ्या टप्प्यावर उभा आहे.

गाव शाखेनं किंवा विहाराच्या मंडळानं लेण्यांचा अभ्यासदौरा कसा करावा आणि त्यातून धम्माची मूळ शिकवण व त्याचा प्रसार कसा समजावावा, ते इथे सांगतो आहोत. एका वेळी २५ ते ३० जण पुरेत. त्याहून जास्त झाले की मागच्यांना ऐकू जात नाही आणि पुढचे लोक शिलालेख बघत असताना मागे दंगा सुरू होतो. मुलं आठवीच्या पुढची असावीत. दर सहा-सात मुलांमागे एक जाणती व्यक्ती हवी. का, ते पाण्याच्या टाक्यांपाशी आल्यावर कळेल.

आधी विहारात तीन बैठका

पावसाळ्यात लेण्यांवर जायचं नाही. पायऱ्यांवर शेवाळ, वाटेत पऱ्या म्हणजे ओढे भरलेले, आत अंधार. तेव्हा पावसाचे दिवस विहारातल्या तयारीसाठी वापरा आणि दिवाळीनंतर बाहेर पडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. बैठका तीन, प्रत्येकी दीड तासाची.

पहिली बैठक चार आर्यसत्यांची. इथे परंपरेतलीच वैद्याची उपमा घ्या: रोग कोणता, तो कशामुळे झाला, तो बरा होतो का, आणि उपचार काय. दुःख, समुदय, निरोध, मार्ग हे चार शब्द या चार प्रश्नांवर बसवले की मुलं विसरत नाहीत. घोटाळा होतो तो पहिल्याच शब्दावर. ‘सगळं जगच दुःखमय आहे’ असं सांगून मोकळे झालात तर बौद्ध म्हणजे रडके, असा समज पक्का होतो. वैद्यानं रोगाचं नाव घेतलं म्हणून कोणी त्याला निराशावादी म्हणत नाही. दुःखात जन्म, जरा, व्याधी, मरण आहेच, शिवाय नावडत्याची गाठ, आवडत्याची ताटातूट आणि हवं ते न मिळणंही आहे. ताटातूट म्हणजे काय ते ज्या घरातला बाप मुंबईला आणि आजी गावाला, तिथे वेगळं शिकवावं लागत नाही. तृष्णेसाठीही उदाहरण घरातलंच घ्या: दहा बाय दहाची खोली झाली की सुख, मग एक वाढीव खोली, मग ब्लॉक.

याच बैठकीत एखादा वाचणारा मुलगा विचारील की बाबासाहेबांनी चार आर्यसत्यांबद्दल शंका घेतली होती ना? घेतली होती. हा मूळ शिकवणीचा भाग आहे की भिक्खूंनी नंतर घातलेली भर, असा प्रश्न त्यांनी स्वतः मांडला. हे लपवू नका. दुःख आहे आणि ते दूर करता येतं, हा गाभा त्यांनी सोडलेला नाही. मतभेद कुठे आहे ते मुलांना दाखवा आणि पुढे चला.

दुसरी बैठक पंचशील आणि अष्टांगिक मार्गाची. मार्गाची आठ अंगं ओळीनं न सांगता तीन गटांत सांगा. शीलात वाचा (बोलणं), कम्मन्त (वागणं), आजीव (उपजीविका). समाधीत वायाम (प्रयत्न), सति (जागरूकता), समाधि (चित्ताची एकाग्रता). प्रज्ञेत दिट्ठी (दृष्टी) आणि संकप्प (संकल्प). पंचशील म्हणजे कुणी वरून सोडलेला हुकूम नव्हे. आपण होऊन घेतलेली ती शिस्त आहे. ‘वेरमणी सिक्खापदं समादियामि’ म्हणताना माणूस स्वतः काहीतरी स्वीकारतो, हे मुलांना एकदा नीट कळू दे.

सम्मा आजीवाला, म्हणजे योग्य मार्गानं पोट भरण्याला, थोडा जास्त वेळ द्या, कारण कोकणात इथे हमखास अडचण येते. उपासकानं करू नयेत असे पाच व्यापार बुद्धांनी सांगितले: शस्त्रांचा, प्राणिमात्रांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. किनारपट्टीवरची मुलं लगेच विचारतात, मग मासळीचं काय? टाळू नका. यादीत मांस आहे, ते आहे म्हणून सांगा. त्याचबरोबर विनयाचा, म्हणजे भिक्खूसंघाच्या शिस्तीचा, नियमही सांगा. आपल्यासाठी मारलेलं पाहिलं नाही, ऐकलं नाही, तशी शंकाही नाही, असं मासे-मांस भिक्षेत आलं तर भिक्खूंना चालत असे. म्हणजे हेतू आणि जबाबदारी कुठवर पोचते, याचा तो विचार होता. बुद्धांच्या मते चेतना, म्हणजे हेतू, हेच कर्म. कर्म म्हणजे कपाळावरचं लिखित, हा गैरसमज इथेच निघाला तर पुढचे दहा प्रश्न वाचतात.

प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे कारणातून कार्य घडण्याच्या, बारा कड्या या वयात पाठ करून घेऊ नका. त्याचं सूत्र तेवढं द्या: ‘इमस्मिं सति इदं होति’, हे असेल तर ते होतं, आणि ‘इमस्मिं असति इदं न होति’, हे नसेल तर तेही होत नाही. बाकीचं लेण्यात.

तिसरी बैठक ब्राह्मी लिपीची. ही मुलांना सगळ्यात आवडते. सगळी वर्णमाला एका दिवसात शिकवू नका, डोळ्याला पटकन ओळखू येणारी अक्षरं घ्या. अधिकचं चिन्ह म्हणजे क. उलटा व्ही म्हणजे ग. नुसतं वर्तुळ ठ, त्यात टिंब घातलं की थ. चौकोन म्हणजे ब. खाली आडवी रेघ असलेली उभी रेघ न, आणि वर-खाली दोन्हीकडे आडव्या रेघा असल्या की ण. आ-कारासाठी वर उजवीकडे छोटी रेघ, ए-कारासाठी डावीकडे, ओ-कारासाठी दोन्हीकडे. उ-कार खाली. हे अशोकाच्या काळातलं वळण झालं. आपल्याकडची बहुतेक लेणी सातवाहन काळातली आणि त्यानंतरची, तिथे क आणि र यांचे पाय वळलेले दिसतात, म चा खालचा भाग त्रिकोणी होतो. हा फरक आधीच फळ्यावर काढून दाखवा, नाहीतर लेण्यात गेल्यावर ‘हे तर आपण शिकलो ते नाहीच’ म्हणून मुलं हात टेकतात. आकड्यांत एक, दोन, तीन म्हणजे तेवढ्याच आडव्या रेघा. त्यापुढच्या आकड्यांना वेगळी चिन्हं आहेत.

कोणतं लेणं आधी

बहुतेक मंडळं पहिल्यांदा थेट कान्हेरीला जातात. मुंबईत आहे, मोठं आहे, जाणं सोपं. आमच्या मते तो क्रम चुकीचा. कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी, हजारेक वर्षांचा काळ एकमेकांवर चढलेला, त्यात सुट्टीची गर्दी. नवख्याच्या डोळ्यापुढे नुसते दगड फिरतात. आधी महाडजवळचं गांधारपाले, मग कुडे, त्यानंतर नालासोपारा आणि कान्हेरी, आणि शेवटी दापोली तालुक्यातलं पन्हाळेकाजी. एका हंगामात दोन ठिकाणं झाली तरी पुष्कळ. सगळी एका दमात उरकायची सहल काढलीत तर लक्षात राहील फक्त गाडीतली अंताक्षरी.

गांधारपाले: पाणी, ओवरी आणि स्तूप

मुंबई-गोवा महामार्गावर महाडच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत ही सुमारे ३० लेणी आहेत. सकाळी सातच्या सुमारास चढायला लागा. उन्हं चढली की काळा कातळ तापतो. वर पोचल्यावर दहा मिनिटं बसू द्या, त्रिसरण-पंचशील म्हणा, आणि समोर दिसणारी दरी दाखवून विचारा: भिक्खूंनी राहायला हीच जागा का निवडली असेल?

उत्तर मुलांकडूनच काढून घ्यायचं आहे. खाली सावित्री आणि गांधारी. सावित्रीच्या खाडीतून बाणकोटकडे समुद्र. पाठीमागे सह्याद्री आणि घाटवाटा. बंदरातला माल घाटावर जायचा आणि घाटावरचा बंदरात यायचा, तो या वाटांनी. व्यापाऱ्यांचे तांडे जिथून जात, तिथे भिक्षाही मिळे आणि ऐकणारेही भेटत. भिक्खूचा मुक्काम गावापासून फार लांब नको, फार जवळही नको, असा दंडकच होता. लांब असेल तर भिक्षा मिळत नाही, जवळ असेल तर ध्यान होत नाही.

मग वर्षावास. पावसाळ्यात भिक्खू फिरत राहिले तर कोवळं गवत आणि बारीक जीवजंतू पायाखाली जातात, अशी लोकांनी तक्रार केली. म्हणून तीन महिने एका जागी राहण्याचा नियम झाला, असं विनयात येतं. कोकणातला पाऊस ज्यानं बघितलाय त्याला हा नियम समजावून सांगायला नको. या तीन महिन्यांसाठी न गळणारं छप्पर हवं होतं, आणि ते कातळात मिळालं.

आता मुलांना पाण्याच्या टाक्यापाशी आणा. शिलालेखांत याला पोढी म्हणतात. वरून तोंड लहान, चौकोनी. आत मात्र पोकळी ऐसपैस, कधीकधी लेण्याच्या पुढच्या अंगणाखाली गेलेली. तोंड लहान ठेवलं की ऊन कमी पोचतं, बाष्प कमी होतं, पालापाचोळाही कमी पडतो. वर पाहा: दर्शनी भागावर, छताच्या कडेला किंवा उतारावर बारीक पन्हळी खोदलेल्या सापडतील. पागोळ्यांचं पाणी वळवून टाक्यात आणायची ही सोय. मुलांना बोटानं पन्हळीचा माग काढू द्या, कुठून सुरू झाली आणि कुठे संपली. कोकणात जुलैत पाण्याचा महापूर आणि चैत्रात विहिरीच्या तळाशी कळशी, हे सगळ्यांच्या घरचं आहे. टाकं नसतं तर इथे आठ महिने कुणी राहू शकला नसता.

इथेच ‘इमस्मिं सति इदं होति’ शिकवा. पन्हळ असेल तर पाणी वळतं. पाणी वळलं तर टाकं भरतं. टाकं भरलं तर मुक्काम टिकतो. मुक्काम टिकला तर ऐकायला येणाऱ्यांची ये-जा राहते. आता उलट्या बाजूनं जा: पन्हळ गाळानं बुजली तर? एखादं बुजलेलं टाकं दाखवा. कुणाचा शाप नाही, कुणाची कृपा नाही. कारण गेलं, कार्य गेलं. हे मुलांच्या तोंडून आलं की बारा कड्यांचा पाया घातला गेला. ‘ये धम्मा हेतुप्पभवा’ ही गाथा त्याच वेळी म्हणून घ्या. बुद्धांचे शिष्य अस्सजी यांच्याकडून एवढंच ऐकून सारिपुत्तांना पुढचं उमगलं, अशी विनयातली नोंद आहे.

एक सूचना मात्र कडक पाळा. प्रत्येक टाक्यापाशी एक मोठं माणूस उभं राहिलंच पाहिजे. आतल्या भिंती गुळगुळीत आणि बाहेरच्या बाजूला रुंदावलेल्या असतात. त्यामुळे आत पडलेल्या पोहणाऱ्यालाही कड धरायला मिळत नाही. हे पाणी प्यायचंही नाही, स्वच्छ दिसलं तरी.

त्यानंतर खोल्या. कातळातच कोरलेला ओटा हाच भिक्खूचा बिछाना. पाच मीटरची टेप आणा, ओट्याची लांबी-रुंदी आणि खोलीचं दार मोजायला लावा, वहीत आकृती काढू द्या. मोजताना विचारा: या खोलीत सामान किती मावेल? उत्तर अट्ठपरिक्खारात आहे. तीन चीवरं, भिक्षापात्र, कमरपट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळायचं फडकं, एवढीच भिक्खूची मालमत्ता. फडकं कशाला, ते विचारा. टाक्यातल्या पाण्यातले जीव पोटात जाऊन मरू नयेत म्हणून. पहिलं शील, म्हणजे प्राणिहत्या टाळणं, असं फडक्यात बांधलेलं असतं.

स्तूपाजवळ आल्यावर दोन गैरसमज निघतील. कुणी म्हणेल ही शंकराची पिंडी आहे, कुणी म्हणेल ही पांडवांनी एका रात्रीत कोरलेली लेणी. खेकसू नका. अंड म्हणजे घुमट, त्यावरची चौकोनी हर्मिका, तिच्यावरच्या छत्राच्या खुणा, असे भाग एकेक करून दाखवले की पिंडीचा प्रश्न आपोआप मिटतो. आणि पांडवांचं उत्तर लेखातच आहे.

लेख वाचायचा कसा

गांधारपाल्याचा एक लेख अभ्यासाला फार सोयीचा आहे. कुमार कानभोअ वेण्हुपालितानं लेणं, चैत्यगृह म्हणजे स्तूपाच्या वंदनेचं दालन, आठ ओवरक म्हणजे खोल्या आणि लेण्याच्या दोन्ही बाजूंना दोन पोढ्या दिल्याचं त्यात म्हटलं आहे. हा लेख वाचून दाखवा, मग लेखातल्या यादीप्रमाणे मुलांना प्रत्यक्ष मोजायला पाठवा. खोल्या किती भरल्या? पोढ्या दोन्ही अंगांना आहेत का? जे जुळतं ते टिपा, जे जुळत नाही तेही टिपा आणि का जुळत नसेल यावर बोला. दोन हजार वर्षांपूर्वीची पावती हातात घेऊन माल मोजण्यात जी मजा आहे, ती कुठल्याच प्रवचनात नाही.

अक्षरं पुसट असतात, त्यामुळे भर उन्हात काहीच दिसत नाही. टॉर्च समोरून मारली तर भिंत सपाट दिसते. ती भिंतीला जवळजवळ चिकटवून, एका बाजूनं धरा. तिरप्या उजेडात प्रत्येक खाचेची सावली पडते आणि अक्षर उठून येतं. फोटो काढताना फ्लॅश बंद, उजेड दुसऱ्यानं बाजूनं धरायचा. सुरुवातीला ‘सिधं’ (सिद्धी असो) आणि लेखात पुढे ‘देयधम’ (धर्मदान) शोधायला सांगा. हे दोन शब्द सापडले की मुलांना बळ येतं.

अक्षरांत खडू भरणं, पाणी किंवा तेल लावणं, कागद ठेवून पेन्सिलीनं छाप काढणं, यातलं काहीही करायचं नाही. खडूनं खाचेची कड झिजते आणि पुढच्या अभ्यासकाला खोटी रेघ दिसते. छाप घ्यायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. संरक्षित वास्तूला इजा करणं हा १९५८ च्या कायद्याखाली गुन्हा आहे, हे मोठ्यांनाही सांगा, कारण दगडावर नाव कोरणारे बहुधा मोठेच असतात.

लेण्यांवरून उतरल्यावर दुपारचं जेवण आणि मग महाड गावात चवदार तळं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह इथे पाणी प्यायले. सकाळी वाटसरूपासून भिक्खूपर्यंत सगळ्यांची सोय करणाऱ्या पोढ्या पाहिलेल्या मुलांना तळ्याकाठी फार बोलून दाखवावं लागत नाही. एकच गोष्ट जोडा: तो सत्याग्रह आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा यांच्यात २९ वर्षांचं अंतर आहे. धम्मस्वीकार हा एका दिवसात घेतलेला निर्णय नव्हता. २० मार्चला मात्र अभ्यासदौरा ठेवू नका. त्या दिवशी अभिवादनाला जायचं, अभ्यासाला नव्हे. गर्दीत दोन्ही बिघडतं.

कुडे: पैसे कुणी दिले

इंदापूरहून तळ्यामार्गे कुडे. राजपुरीच्या खाडीजवळच्या डोंगरात २६ लेणी, खाली-वर अशा दोन पातळ्यांत. इथला विषय एकच घ्या: दान. कारण धम्म पसरला तो राजाच्या एका आज्ञेनं नव्हे, कुड्याच्या भिंतीच ते सांगतात.

दाते बघा. महाभोज या स्थानिक सरदार घराण्याच्या सेवेतला शिवम नावाचा लेखक लेणं देतो, त्यातलं कोरीवकाम त्याची बायको आणि मुलगे करवून घेतात, खांब मुली देतात. सोमदेव नावाचा वैद्य आहे. माळी आहे. कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. ब्राह्मण उपासकाची पत्नी भयिला चैत्यगृह देते. पदुमणिका नावाची प्रव्रजिता, म्हणजे घर सोडून संघात आलेली स्त्री, आपल्या शिष्यांसह दान देते. मुलांना वहीत चार रकाने पाडायला सांगा: नाव, धंदा, गाव, काय दिलं. रकाने भरले की सम्मा आजीव आणि दान यांचा संबंध दिसू लागतो. कऱ्हाडचा माणूस खाडीकाठी दान देतो, म्हणजे घाटमाथा आणि बंदर यांच्यात व्यापाराची वाट होती, हेही त्यातूनच निघतं. आणि एकाच भिंतीवर ब्राह्मण, माळी, वैद्य, व्यापारी, स्त्रिया शेजारी शेजारी आहेत, हे वर्गात सांगण्यापेक्षा इथे बोटानं दाखवावं.

सहाव्या लेण्यात प्रवेशाशी हत्ती आहेत आणि बुद्धमूर्तीही कोरलेल्या आहेत. इथे काळाचा घोटाळा हमखास होतो. लेणं सातवाहन काळाच्या आसपासचं, मूर्ती त्यानंतर काही शतकांनी, पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या. आधीच्या काळात बुद्धांची मूर्ती करत नसत. स्तूप, बोधिवृक्ष, धम्मचक्र, पादुका यांतून त्यांचं स्मरण होई. मग महायानाच्या काळात मूर्ती आल्या, बोधिसत्त्व आले. तेव्हा ‘हे सगळं अशोकानं बांधलं’ असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे दुरुस्त करा. अशोकाचा काळ इसवी सनापूर्वी तिसरं शतक. बढाईनं धम्म मोठा होत नाही, आणि उद्या कुणी चूक दाखवली की मुलांचा बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

सोपारा आणि कान्हेरी: प्रसाराचा धागा

पहिल्या वर्षावासानंतर बुद्धांनी साठ भिक्खूंना पाठवताना ‘चरथ भिक्खवे चारिकं बहुजनहिताय बहुजनसुखाय’ म्हटलं आणि पुढे बजावलं की दोघांनी एका वाटेनं जाऊ नका. मनुष्यबळ थोडं, मुलूख मोठा. शिवाय धम्म ज्याच्या त्याच्या बोलीत शिकावा, अशी मुभा होती. या दोन गोष्टींत प्रसाराचं अर्धं रहस्य आहे.

सोपाऱ्याला, म्हणजे जुन्या शूर्पारकाला, प्रसाराचे पुरावे तीन प्रकारांचे आहेत आणि ते वेगवेगळे ठेवायला शिकवा. दगडावरचा पुरावा म्हणजे अशोकाच्या आदेशांचे तुकडे. आठव्या आदेशाचा तुकडा १८८२ मध्ये पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींना मिळाला, नवव्याचा १९५६ मध्ये भुईगावला. त्याच १८८२ साली त्यांनी इथल्या स्तूपाचं उत्खनन केलं, त्यात अस्थिकलशाभोवती कांस्याच्या आठ लहान मूर्ती मिळाल्या. दुसरा पुरावा ग्रंथांतला. तिसऱ्या संगीतीनंतर, म्हणजे भिक्खूंच्या धम्मसभेनंतर, मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी नऊ दिशांना धम्मदूत पाठवले, त्यात अपरांताला म्हणजे आपल्या किनारपट्टीला योनक धम्मरक्खित आले, असं महावंसात आहे. नावावरूनच हे यवन, म्हणजे ग्रीक वळणाचे. पण महावंस लंकेत, त्यानंतर कित्येक शतकांनी रचला गेला, हे सांगायला विसरू नका. तिसरा पुरावा परंपरेचा: सुत्तातल्या पुण्ण थेरांचा सुनापरांत तो हाच मुलूख, असं मानलं जातं.

पुण्णांचा संवाद मुलांकडून दोन पात्रांत वाचून घ्या. तिथली माणसं तापट आहेत, शिव्या दिल्या तर काय करशील, असं बुद्ध विचारतात. हातानं मारलं नाही म्हणजे माणसं भली, असं पुण्ण म्हणतात. हातानं मारलं तर? ढेकळांनी नाही मारलं. असं करत काठी, शस्त्र, शेवटी मरणापर्यंत प्रश्न जातो. मैत्री आणि क्षांती (सहनशीलता) यांवर तासभर बोलण्यापेक्षा हे पाच मिनिटांचं वाचन कामाला येतं.

नववा आदेश मोठ्यांसाठी राखून ठेवा. आजारपण, लग्न, बाळंतपण, प्रवास अशा वेळी लोक, विशेषतः घरातल्या बाया, नाना विधी करतात आणि त्यांचं फळ थोडं, असं अशोक म्हणतो. फळ देणारा विधी म्हणजे नोकरचाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं, प्राण्यांबाबत संयम. बायांवरच का ठपका, असा प्रश्न मुली विचारतील आणि तो रास्त आहे. त्यावर चर्चा होऊ द्या. आदेशाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात बघता येतो.

दुसऱ्या दिवशी कान्हेरी. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं, हे न बघता गाडी ठरवणारी मंडळं दरवर्षी निघतात. सगळी लेणी बघायच्या भानगडीत पडू नका. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह, पाण्याची टाकी, एक्केचाळिसाव्या लेण्यातला अकरा मस्तकांचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर आणि नव्वदावं लेणं, एवढं धरा. नव्वदाव्यात इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये येऊन गेलेल्या पारशी लोकांचे पहलवी लिपीतले लेख आहेत. नवव्या शतकात गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकरानं इथे १०० द्रम्म (नाणी) दान दिल्याचा लेख आहे. कल्याण, सोपारा, चेमुल म्हणजे चौल, अशा बंदरांची नावं दात्यांच्या गावांत सापडतात. नकाशावर दोरा लावून ही गावं जोडा. लंका, ब्रह्मदेश, मध्य आशिया, चीन, तिबेट हा पुढचा प्रवास त्याच नकाशावर दहा मिनिटांत होतो. माणसं व्यापाराच्या वाटेनं जात आणि धम्म त्यांच्या सोबत जाई, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की बाकी तपशील पुस्तकातून मिळतो.

पन्हाळेकाजी

कोटजाई नदीकाठची २९ लेणी. सुरुवात जुन्या बौद्ध लेण्यांपासून होते, मग वज्रयानाच्या, म्हणजे बौद्ध तंत्रपंथाच्या, मूर्ती येतात, अक्षोभ्य, महाचंडरोषण. त्यानंतर गणपती आणि नाथ संप्रदायाची शिल्पं. हे लेणं शेवटी ठेवायचं ते याच कारणानं. इथे गटात कुणाचा तरी आवाज चढतो, ‘आमचं लेणं बळकावलं’ असा सूर लागतो. मुलांना बघू द्या की एकाच डोंगरात हजारभर वर्षांत काय काय बदललं. व्यापार आटला, राजाश्रय फिरला, लेण्याला पैसे देणारी माणसं बदलली, तेव्हा लेण्यातली उपासनाही बदलली. टाक्यापाशी शिकवलेलं सूत्र इथेही लावायला सांगा: कोणती कारणं गेली म्हणून हे झालं? अनिच्च, म्हणजे सगळं बदलत राहतं हे, याच जागी शिकवा, वेगळं उदाहरण शोधू नका.

सोबत काय, आणि काय बिघडतं

३० जणांसाठी माणशी दोन लिटर पाणी आणि वर एक वीस लिटरचा जार. चार चांगल्या टॉर्च, दोन टेपा, प्रथमोपचाराची पेटी, ओआरएसची पाकिटं. चपला चालत नाहीत, पकड असलेले बूट हवेत.

मधमाश्यांचं भय खरं आहे. लेण्यांच्या कपारीत आग्या मोहोळ असतं. अत्तर, परफ्यूम, भडक वासाचं तेल नको. ओरडाआरडा, ढोल, फटाके, धूर नको. टॉर्च मोहोळावर मारू नका. उठल्याच तर हात झाडू नका, तोंड झाकून शक्य तेवढ्या लांब निघून जा, गाडीत बसा. जास्त डंख झालेल्याला थेट दवाखान्यात न्या, घरगुती उपाय करत बसू नका.

वंदनेला मेणबत्ती-अगरबत्ती आत नको. काजळी दगडात मुरते आणि चित्रांचे, अक्षरांचे उरलेसुरले माग झाकते. फुलं बाहेर ठेवा आणि निघताना उचलून आणा. कागद, पाण्याच्या बाटल्या, सगळं परत. नवीन पडझड, ताजं कोरलेलं नाव किंवा ढासळलेलं टाकं दिसलं तर जागा, तारीख आणि फोटो टिपून पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयाला लेखी कळवा, एक प्रत मंडळाच्या दप्तरी ठेवा.

परत आल्यावर आठवड्याच्या आत विहारात एक बैठक. प्रत्येकानं आपल्या वहीतली एक आकृती, एक ब्राह्मी अक्षर आणि एका दात्याचं नाव सांगायचं. मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही. ज्याला काही आठवत नाही त्याला पुढच्या दौऱ्यात टॉर्च धरायचं काम द्या. जवळ उभं राहिलं की लक्ष लागतं.